मास्तरांचा ला

गेंट, ४ ऑक्टोबर १९८७

उत्तरध्रुवसमीपवासिनी गोदलीव्ह हिस,

आशीर्वाद द्यावा इतका मी वृद्ध नाही आणि प्रणाम करावा इतकी तू अद्याप थोर झालेली नाहीस. म्हणून उभयपक्षी सोयीचे असे नुसते स्मरण पाठवतो. दूरध्वनीवर माझा आवाज ऐकताच तू तो खाली ठेवतेस, हे ध्यानी घेऊन मी पत्राचा मार्ग पत्करला आहे. पत्राला खाली ठेवण्यासाठी निदान आधी उचलावे तरी लागते.

तुझे तीर्थरूप, ओबोवादकशिरोमणी फ्लोरिमोंद देस्मेत, येत्या बावीस नोव्हेंबरला, म्हणजे आपणा वादकांची कैवारीण संत सेसिलिया हिच्या दिवशी, वाद्यवृंदातून निवृत्त होत आहेत. त्यानिमित्त स्मरणिका निघणार असून 'मास्तरांची कारकीर्द आणि प्रभाव' हा लेख लिहिण्याची जबाबदारी व्यवस्थापक मंडळाने माझ्यावर टाकली आहे. युक्तिवाद असा की त्यांच्या उजव्या हाताला द्वितीय आसनावर मी एकोणीस वर्षे बसलो, तेव्हा प्रभावाचा सर्वाधिक मारा माझ्यावरच झाला असणार. लेखाचा प्रारंभ मी असा केला आहे: 'लेइ नदीच्या तीरी ज्या नादमहर्षींनी शुष्क बोरूच्या दोन पात्यांतून प्राण फुंकला...' पुढे लेखणी चालत नाही. स्मरणिकेत जे लिहिता येत नाही, ते सगळे तुला लिहावेसे वाटते. ही तुझ्याविषयीची आपुलकी समज किंवा निव्वळ थकवा समज. मला दोहोंतला भेद आताशा कळत नाही.

आपल्या धंद्याची रीत तुला सांगायला नको; तरी लेखाचा सराव म्हणून मांडतो. वादनापूर्वी रंगमंचावर शांतता होते, प्रथम ओबोवादक एकच स्वर देतो, ला, आणि सत्तर माणसे आपापली वाद्ये त्याच्याशी लावून घेतात. त्या क्षणी त्याचा स्वर बरोबर की चूक, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो देतो तोच ला. राजाज्ञेत व्याकरणदोष नसतो, तसेच हे.

सात वर्षांपूर्वी एका सकाळच्या तालमीत तिसऱ्या ओबोच्या आसनावरून एक मुलगी म्हणाली, "पपा, तुमचा ला खाली आहे." मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवले. ते ओरडले नाहीत, हे तुलाही आठवत असेल. ते म्हणाले, "माझा ला खाली वाटत असेल, तर तुझा जिथे वर असेल तिथे जा." तू पार उत्तरेला, बर्गनला गेलीस. नकाशात त्याहून वर फारशी वाद्यवृंदाची सोय नव्हती. आम्ही इतर एकोणसत्तर जण त्या वेळी आपापल्या पेटीत काहीतरी शोधत होतो.

तेव्हा फरक केसाइतका होता. तो एकट्या तुलाच ऐकू आला. आता तो दारातून बैल जावा इतका आहे. वयोमानाने त्यांच्या कानाला प्रत्येक स्वर आहे त्याहून चढा भासतो. म्हणून ते ओबोच्या तोंडाशी बसवलेली बोरूची जिभाळी दरवर्षी थोडी अधिक बाहेर ओढतात आणि स्वर उतरवतात. जिभाळीच्या बुडाचे बूच ओबोच्या तोंडातून किती बाहेर आले, यावरून मी वर्षे मोजतो. आणि वाद्यवृंद त्यांच्यामागून एकेक पायरी खाली उतरत आला आहे. तुताऱ्यांनी नळ्या लांबवल्या, व्हायोलिनांनी तारा सैल केल्या. पाहुणा पियानोवादक आला की पियानो गुपचूप उतरवून ठेवतात. धातूच्या पट्ट्यांना मात्र उतरता येत नाही. त्यामुळे घंटिका वाजवणारा आपला गडी सात वर्षे केवळ वाजवल्याचा अभिनय करतो, आणि त्याच्या संयमाची सर्वत्र स्तुती होते. नभोवाणीचे अभियंते ध्वनिफीत जराशी वेगाने फिरवून स्वर जागेवर आणतात. परिणामी मास्तरांच्या वादनात उतारवयातही तारुण्याची चपळाई असल्याचा शोध समीक्षकांना लागला आहे.

कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याचे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

आता संकट असे की निरोपाची मैफल संत अमालबर्गाच्या चर्चमध्ये आहे, आणि मंडळाने उत्साहाच्या भरात ऑर्गनसह वाजवण्याची रचना निवडली आहे. दोन हजार नळ्यांचा तो ऑर्गन कुणासाठी खाली येणार नाही. भर मैफलीत, मंत्री, महापौर आणि युरोपभरातून आलेले शिष्य यांच्यासमोर, मास्तरांचा ला आणि देवाचा ला एकमेकांवर आदळणार आहेत.

तू ये. आधी ये आणि त्यांना सांग. एकदा सांगितले आहेस, तेव्हा सवय आहे.

द्वितीयासनस्थ,
घिस्लेन


गेंट, २ नोव्हेंबर १९८७

मितभाषिणी गोदलीव्ह हिस,

तुझे पोस्टकार्ड पावले. एका बाजूला बर्फाच्छादित पर्वत आणि दुसऱ्या बाजूला 'ऑर्गनलाच सांगू दे' एवढे तीनच शब्द. दोन्ही बाजूंचे तापमान सारखे वाटले.

तुझा राग न्याय्य आहे आणि मी त्याच्याशी भांडत नाही. भांडण्यासाठी श्वास लागतो. मास्तरांचा पहिला धडा तुला आठवतो का? ओबोवादकाचा जीव हवा कमी पडल्याने घुसमटत नाही. जिभाळीच्या फटीतून हवा बाहेरच पडत नाही, छातीत शिळी होऊन साचते, म्हणून घुसमटतो. "आधी सोड, मग घे," असे म्हणत ते आपल्या पाठीत बोट खुपसायचे. हल्ली मला वाटते, हा आजार केवळ वाजवताना होतो असे नाही.

काल सर्वसंतांचा दिवस. प्रथेप्रमाणे मी मास्तरांना तुझ्या आईच्या थडग्यावर घेऊन गेलो. त्यांनी शेवंतीच्या दोन कुंड्या घेतल्या. दरवर्षी दोनच घेतात. दुसरी कुणाकडून, असे या खेपेस मी धीर करून विचारले.

"जोडीने घेतल्या की स्वस्त पडतात," ते म्हणाले.

"मास्तर, ती फुलवाली जोडीला काहीच सवलत देत नाही. मी विचारलंय तिला."

"वालों, तू स्मशानातही हिशेब तपासतोस?"

मी मूळचा फ्रेंचभाषी, वालोनियातला, म्हणजे गेंटकरांच्या लेखी परकाच. एकोणीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचे स्मरत नाही. मग त्यांनी दुसरी कुंडी उचलली आणि दगडावर जिथे तुझे नाव कोरले आहे, 'शोकाकुल कन्या' म्हणून, तिथे ती नीट ठेवली. अक्षर झाकले जाऊ नये म्हणून पुन्हा थोडी सरकवली. मी दुसरीकडे पाहिले. दुसरीकडे पाहण्यात आता माझा हात कोणी धरू शकणार नाही.

लेखातला 'प्रभाव' हा भाग पूर्ण झाला आहे, म्हणजे स्मरणिकेपुरता. लिस्बनपासून क्राकोवपर्यंत मास्तरांचे शिष्य प्रथम आसनांवर बसले आहेत. त्यांतले जे तुझ्यानंतर शिकले, ते सगळे जिभाळी नखभर बाहेर ओढून वाजवतात. त्यांना वाटते, मास्तरांच्या स्वरातली ती सुप्रसिद्ध ऊब तिथेच दडली आहे. एकाने त्यावर प्रबंध लिहून पदवीही घेतली. आपल्या गुरूच्या कानाचा रोग अर्ध्या युरोपात शैली म्हणून पसरला आहे. लेखात मी 'दूरगामी परिणाम' एवढेच म्हटले.

आणखी एक गोष्ट लेखात नाही. मास्तरांनंतर प्रथम आसनावर बसावे, असे मंडळाने मला विचारले. मी नकार दिला. कारण म्हणून माझ्या स्वभावसिद्ध विनयाचा उल्लेख केला. तो ऐकून अध्यक्षांना खोकला आला. खरे कारण तुला सांगतो. मागल्या महिन्यात ब्रुसेल्सला एका मैफलीस गेलो होतो. तिथल्या ओबोवादकाने ला दिला आणि मला वाटले, कुणाच्या तरी पायावर खुर्ची पडली. तो खरा ला होता. माझे कान धडधाकट आहेत, डॉक्टरांनी तपासले. पण इतकी वर्षे शेजारी बसून ते खोटेपणाला सरावले आहेत. त्या आसनावर बसणारा माणूस बाहेरून यायला हवा. बर्गन पुरेसे बाहेर आहे.

पर्वताचे चित्र सुंदर होते. पुढच्या खेपेस चार शब्द लिही.

घिस्लेन


गेंट, ११ नोव्हेंबर १९८७

गोदलीव्ह हिस,

ऑर्गनने सांगितले.

काल चर्चमध्ये पहिली तालीम होती. थंडी अशी की व्हायोलिनवाल्यांनी बोटे कापलेले मोजे हातांत घातले होते. ऑर्गनवर फादर एव्हारिस्त होते. तेच, ज्यांनी तुझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीत नाचाच्या चालीने शोकगीत वाजवले होते. ऑर्गन सोबत असला की ला तोच आधी देतो, त्या प्रथेप्रमाणे ऑर्गनने ला दिला. मास्तरांनी ओबो ओठाला लावला, काढला, आणि वर गॅलरीकडे पाहिले.

"फादर, तुमचा ऑर्गन चढलाय."

"चढतात ते आत्मे, मास्तर," वरून आवाज आला. "आणि तेही सगळे नाही."

सगळे हसले. हसू फार मोठे होते. भीतीचे हसू नेहमीच तसे असते.

"मी थट्टा करत नाही. पुष्कळ चढलाय. जुळवणाऱ्याला बोलवा."

"मास्तर, तुम्ही मला शिकवणार? उन्हाळ्यात नळ्यांतली हवा तापते, तेव्हा ऑर्गन चढतो. थंडीत उतरतो. आज माझी दाढी गोठली आहे. आज तो असेल तर उतरलेलाच असेल."

आणि मग, गोदलीव्ह, मी मास्तरांचा चेहरा पाहिला. त्यांना हे ठाऊक होते. पन्नास वर्षे चर्चमधून वाजवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल तर कुणाला? थंडीत ऑर्गन चढू शकत नाही. तरी तो त्यांना चढलेला ऐकू येत होता. या दोन वाक्यांच्या मधोमध ते उभे होते, आणि तिसरे वाक्य त्यांच्याकडे चालत येत होते.

त्यांनी मागे वळून वाद्यवृंदाकडे पाहिले. सात वर्षांपूर्वीप्रमाणेच सगळ्यांनी पेटीत डोके घातले. घंटिकावाल्याने तर पेटी नसताना घातले.

"आज माझी प्रकृती बरी नाही," ते म्हणाले. "वालों, तू ला दे."

मी दिला. ऑर्गनशी जुळवून, खरा. सत्तर वाद्ये वर चढली. कित्येकांच्या तारा कुरकुरल्या, एक तुटली. मास्तर खांब धरून ऐकत राहिले, आणि मग कोट चढवून ट्रामकडे निघून गेले. ओबो आसनावरच राहिला. मी तो पुसून, वेगवेगळा करून पेटीत ठेवला. बाहेर आलेल्या बुचावर त्यांच्या नखांचे ठसे होते.

तू जिंकलीस. मला वाटले होते, हे वाक्य लिहिताना मला बरे वाटेल.

घिस्लेन


गेंट, १४ नोव्हेंबर १९८७

गोदलीव्ह हिस,

तीन दिवस त्यांनी दार उघडले नाही. आज दुपारी मी कोंबडीच्या वाटरझोईचे, गेंटकरांच्या त्या लाडक्या रश्शाचे, पातेले घेऊन गेलो आणि पायऱ्यांवरून मोठ्याने जाहीर केले की हे मी, एका वालोंने, स्वतः शिजवले आहे. दार तत्काळ उघडले. "शेजाऱ्यांना ऐकू जाईल," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नादकाटा होता. त्यांच्या गुरूंचा, पोलादी, दोन बोटांचा, आपटला की अचूक ला देणारा, तू लहानपणी चोरून गुडघ्यावर आपटायचीस तोच. मला खुर्ची देण्याआधीच त्यांनी तो गुडघ्यावर आपटून दातांत धरला, मग माझ्या कानाशी आणला.

"हा कुणी बदलला?"

"कुणी नाही, मास्तर."

"चढलाय."

"पोलाद चढत नाही."

"ते मला माहीत आहे." ते बसले. "तीन दिवस तेच तर स्वतःला सांगतोय. पोलाद म्हातारं होत नाही. बाकी या खोलीत कोण आहे, त्याचा शोध लावणं चाललंय."

मी वाटरझोई वाढली. त्यांनी चमचा घेतला नाही.

"गोदलीव्ह म्हणाली होती, तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"आणि तुम्ही सगळे?"

"आम्ही तुमच्या मागून येत होतो, मास्तर."

"पियानो?"

"उतरवायचे."

"नभोवाणी?"

मी ध्वनिफितीची हकिकत सांगितली. त्यांच्या मिशीला जरा हालचाल झाली. "म्हणजे ती चपळाई..."

"यंत्राची होती."

ते नादकाटा बोटांत फिरवत राहिले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. वालोनियावर जे काही म्हणायचे असते, ते सगळे ऐकायची माझी तयारी होती. ते म्हणाले, "सत्तर माणसं. सात वर्षं. रोज वाकायचं. थकला असाल रे, घिस्लेन."

नावाने हाक मारली. मला खोकला आला. अध्यक्षांना आला होता तसा.

मग त्यांनी वाटरझोई चाखली. "यात मीठ आहे का?"

"आहे."

"नाही. पण आता माझ्या म्हणण्याला काही अर्थ नाही." आणि मीठ न घालता त्यांनी ती सगळी संपवली. मीठ खरोखरच नव्हते, गोदलीव्ह. मी सांगितले नाही. आमच्या वाद्यवृंदाची ही सवय सहजासहजी जाणार नाही.

ते बावीसला वाजवणार की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मंडळाने माझे नाव पर्याय म्हणून लिहून ठेवले आहे. तुला ये म्हणत नाही आता. तू काय सांगणार होतीस, ते सांगून झाले आहे.

घिस्लेन


गेंट, २४ नोव्हेंबर १९८७

गोदलीव्ह,

तुझी तार मैफलीच्या सकाळी आली. 'प्रयोग आहे, सुटका नाही.' चार शब्द. प्रगती आहे. मी ती मास्तरांना दाखवली नाही. तीत त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

ते आले. जुना काळा कोट, दाढी घोटलेली, ओबो हातात. त्यांनी आसनावर बसून माझ्यासमोर जिभाळी आत ढकलली. थोडी नव्हे, शेवटपर्यंत. बूच दिसेनासे झाले. सात वर्षांत मी त्या ओबोचे तोंड असे बंद पाहिले नव्हते. ऑर्गनने ला दिला. त्यांनी तो घेतला, जुळवला, आणि आमच्याकडे वळून दिला. सत्तर माणसे वर चढली. घंटिकावाल्याने काठ्या हातात घेतल्या आणि अविश्वासाने त्यांच्याकडे पाहिले. त्या संध्याकाळी त्याने इतक्या जोराने वाजवले की तालसंचालकाला दोनदा हात दाबून खूण करावी लागली.

आता मी जे लिहितो ते तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही. मास्तरांना त्या संध्याकाळी सगळे खोटे ऐकू येत होते. प्रत्येक स्वर, स्वतःचाही, त्यांच्या कानाला चढा होता, बेसूर होता. ओठ सवयीने खाली ओढत होते. मी शेजारून त्यांच्या मानेची शीर पाहत होतो. मंद भागातले ते लांब एकल वादन, ज्यात श्वास घ्यायला जागाच नाही, त्यांनी डोळे मिटून वाजवले, आणि एकदाही खाली आले नाहीत. दोन तास ते स्वतःच्या कानाविरुद्ध वाजवत होते. आणि का, तर सात वर्षांपूर्वी तिसऱ्या आसनावरची मुलगी जे म्हणाली त्यावर त्यांनी आता विश्वास ठेवला होता.

टाळ्या थांबेनात. ते एकदाच वाकले आणि बसताना मला म्हणाले, "भयंकर वाजलं ना?"

"उत्तम वाजलं, मास्तर."

"तुझ्यावर कसा विश्वास ठेवायचा?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

कालच्या वृत्तपत्रातले परीक्षण सोबत पाठवत नाही, सारांश देतो. समीक्षक म्हणतात, थोर कलावंताच्या अखेरच्या मैफलीत वयाची छाया जाणवली. स्वरातली ती सुप्रसिद्ध ऊब हरवली होती, वादन काहीसे रुक्ष आणि चढे वाटले. योग्य वेळी निवृत्ती घेतल्याबद्दल अभिनंदन. लिस्बन आणि क्राकोवचे शिष्यही निरोप घेताना हळहळत होते. आज सकाळी मी तो मजकूर लपवायला गेलो, पण त्यांनी आधीच वाचला होता. न्याहारीला बसले होते, मास्टेल पावाला लोणी लावत म्हणाले, "सात वर्षांत एक दिवस खरं वाजवलं, तर म्हणतात म्हातारा झाला." आणि हसले. मीही हसलो. नंतर लक्षात आले की त्यांचे केव्हाच थांबले होते.

मग त्यांनी विचारले, "बर्गनमध्ये वाद्यं कुणाच्या ला-शी जुळवतात?"

"तिच्याच. दोन वर्षं ती पहिल्या आसनावर आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार?"

"तिथल्या मैफलींची पत्रकं तुमच्या जिभाळीच्या डबीखाली असतात, मास्तर. मी पाच वर्षं पाहतोय."

त्यांनी लोणी दुसऱ्या बाजूलाही लावले. "मग तिथली माणसं सरळ बसत असतील," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या कानाला जुना, उतरलेलाच ला खरा वाटतो अजून. नादकाट्यावर विश्वास ठेवतो, पण तो बोलत नाही. जिवंत माणसाने दिलेला ऐकायचाय. रोज ऐकला तर कदाचित कान शिकेल."

"या वयात?"

"तुझा आवाज फार वर जातोय," ते म्हणाले. हे खरे की त्यांच्या कानाचे, मला ठरवता आले नाही.

तेव्हा माझे शेवटचे आवाहन. व्यवस्थापक मंडळाचे पत्र तुला वेगळे येईल. आसनाविषयी जे ठरवायचे ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. पण येत्या रविवारी, प्रार्थनेनंतर, त्यांच्या घरी दूरध्वनी कर. ते उचलतील आणि काही बोलणार नाहीत; त्यांना सुरुवात करता येत नाही, हे तुला कुणी सांगायला नको, तुलाही येत नाही. तू काही बोलू नकोस. नुसता ला दे. लांब दे. पुढचे पुढे पाहता येईल.

आज मंगळवार. रविवारचा हा बेत मी त्यांना सांगून ठेवला आहे. मी त्यांच्याकडून निघालो तेव्हा त्यांनी एक जिभाळी, वाजवण्याआधी घटकाभर भिजवतात तशी, पाण्याच्या ग्लासात टाकून दूरध्वनीशेजारी ठेवली होती. मी म्हटले, मास्तर, रविवारला अवकाश आहे. इतकी भिजली तर ती फुगून वाया जाते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

"माहीत आहे," ते म्हणाले. "असू दे. शनिवारी दुसरी टाकीन."

घिस्लेन